बॅरल-एज्ड स्टाउट चाखायची कशी: खेड्यातल्या घरात, एका बाटलीत, क्रमाने

पुण्या-बंगळूरहून विदर्भातल्या घरी येणारा भाऊ किंवा परदेशातून सुटीवर आलेली मेहुणी हल्ली एखादी काळी, जड बाटली बॅगेतून आणते. वर मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरवलेली, व्हॅनिला, कोको, कॉफी, दालचिनी घातलेली इम्पीरियल स्टाउट, म्हणजे भाजक्या धान्याची काळी, कडक बिअर. ती दुपारभर फ्रीजरमध्ये राहते, संध्याकाळी स्टीलच्या ग्लासांत ओतली जाते, सोबत सावजी मटण आणि तिखट शेव असते, आणि पंधरा मिनिटांत निकाल लागतो: "खोकल्याच्या औषधासारखी आहे." बाटली महाग आणि पुन्हा सहज मिळणार नाही अशी. वाया ती चवीमुळे जात नाही, क्रम चुकल्यामुळे जाते. म्हणून इथे फक्त तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका सांगितल्या आहेत.

आधी एक हिशेब मनात पक्का करा. इम्पीरियल स्टाउटमध्ये अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्के असतं, पिंपात मुरवलेल्यांत त्याहूनही जास्त निघतं. १२ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल भरतं जवळपास ४० मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलीचे तीन पेग घेतले तरी बेरीज साधारण तेवढीच येते. बाटली लहान दिसते आणि वर बिअर लिहिलेलं असतं म्हणून एकट्यानं संपवायची ही वस्तू नाही. चार-पाच जणांत एक बाटली, प्रत्येकी ६० ते ८० मिली, हे चाखण्याचं योग्य माप. त्यात चव पुरेपूर कळते.

सूचना: हे २५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. गरोदर बाई, यकृताचा त्रास असलेला, झोपेची, फिटची किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असलेला माणूस यानं फक्त वास घ्यावा, घोट नाही. ज्याला नंतर मोटारसायकल काढायची आहे त्यानंही नाही.

दुसरी सूचना: वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. नागपूरहून अमरावतीला जाणारा मुख्य रस्ता कारंजा घाडगे-तळेगाववरून आणि यवतमाळला जाणारा देवळीवरून, म्हणजे दोन्ही वर्धा जिल्ह्यातूनच जातात. बाटली गाडीत असेल तर परवाना आणि वाहतुकीचे नियम निघण्याआधी उत्पादन शुल्क विभागाकडे विचारून घ्या. बंदीच्या जिल्ह्यात हा बेत करूच नका.

## टप्पा १: बाटली आली त्या दिवशी

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवायची पद्धत बुचाच्या वाइनची, ही तिच्यातली नव्हे. यातल्या बऱ्याच बाटल्यांत तळाला गाळ असतो, तो खाली बसायला किमान एक रात्र लागते. प्रवासातून आलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली की पहिल्या ग्लासात पातळ आणि शेवटच्यात गढूळ बिअर येते, आणि मग दोघं जण दोन वेगळ्या चवींवर वाद घालत बसतात.

जागा अंधारी आणि थंड हवी. पत्र्याच्या छपराखालची खोली, लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा, गाडीची डिकी या तीन जागा आपल्याकडे सर्रास वापरल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उष्म्यात काही दिवस राहिलेल्या बाटलीवर काही महिन्यांचं वय चढतं. फ्रीज असेल तर मागच्या बाजूला, खालच्या कप्प्यात उभी ठेवा. दारात नको, तिथे दर वेळी हिसका बसतो आणि तापमान वरखाली होतं. फ्रीज नसेल तर मातीच्या घरातली आतली खोली, जमिनीवर, ओल्या गोणपाटात गुंडाळून. कोरड्या उन्हाळ्यात ओलं गोणपाट चांगलं काम करतं, पण बाटली चाखण्याइतकी गार त्यानं होणार नाही. त्याचा उपयोग फक्त साठवणीपुरता.

लेबलवरच्या चारच गोष्टी आज वाचा: अल्कोहोलचं प्रमाण, बाटली भरल्याची तारीख, बाटलीचं माप, आणि लॅक्टोज (दुधातली साखर) किंवा सुक्यामेव्याचा उल्लेख. लॅक्टोज अशा बिअरमध्ये वारंवार घालतात, दूध न पचणाऱ्याला त्रास होऊ शकतो. बदाम, अक्रोड, शेंगदाणेही घातलेले असतात. कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर आधीच कळलेलं बरं.

चव कशी आहे याचं लेबलवरचं वर्णन मात्र वाचू नका, आणि ज्यानं वाचलं असेल त्यानं बोलू नये. एकदा "नारळ" वाचला की जीभ नारळच शोधत राहते. वर्णन वाचायची वेळ टप्पा ८ मध्ये येते.

## टप्पा २: आदल्या दिवशी वासाचं ताट

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते बाकी सगळ्या पायऱ्यांपेक्षा हिचा फायदा जास्त आहे. बिअरमध्ये काय आहे ते सांगता न येण्याचं कारण बहुधा नाक कमजोर असणं नसतं. वास ओळखीचा वाटतो, नाव तोंडाशी येत नाही. ते नाव आदल्या दिवशी तोंडात घोळवून ठेवायचं.

स्वयंपाकघरातून आठ-दहा वाट्या भरा:

- भाजलेलं जवस, आणि वेगळ्या वाटीत जरा जास्त भाजून करपू दिलेलं जवस
- गुळाचा पाक, थोडा पुढे जाऊन कडवट झालेला
- काळा खजूर आणि मनुका
- वाळलेली मोहफुलं (मनुका आणि काकवी यांच्या मधला हा वास स्टाउटमध्ये फार वेळा भेटतो, आणि तो आपल्याला जितका पटकन ओळखू येतो तितका शहरातल्या माणसाला येत नाही)
- चिकोरी नसलेली कॉफी पूड
- गोडी न घातलेली कोको पूड
- कोरडं भाजलेलं सुकं खोबरं
- दालचिनीची काडी, मोडून
- व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब, पाण्यात
- संत्र्याची वाळलेली साल

प्रत्येक वाटी नाकाशी धरा, दोन छोटे श्वास घ्या, मोठ्यानं नाव घ्या. मग डोळे मिटून घरातल्या कुणाकडून वाट्या उलटसुलट करून घ्या आणि ओळखा. मुलांना हा खेळ आवडतो, त्यांनाही बसवा. ताटात बिअर नाही.

एक खबरदारी. लाकडाचा वास शिकायचा म्हणून सुताराकडून सागाचा भुसा आणू नका. बर्बनची पिंपं अमेरिकन पांढऱ्या ओकची असतात आणि आतून जाळलेली असतात. सागाचा तेलकट वास त्यात नसतो, तो डोक्यात बसला तर उलट गोंधळ होईल.

## टप्पा ३: खोली, ग्लास, तोंड

खोली. वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची धरा, जेवणाच्या आधी आणि दिवाबत्तीच्याही आधी. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, फोडणीचा खकाणा, कूलरमधल्या नव्या वाळ्याचा वास, यातलं एकही चालू असेल तर व्हॅनिला सापडणार नाही. कूलर हवाच असेल तर पाणी बदलून घ्या आणि झोत थेट ग्लासांवर येऊ देऊ नका. अंगाला अत्तर लावलेल्या पाहुण्याला प्रेमानं खिडकीजवळ बसवा.

ग्लास. स्टीलचा ग्लास बाद: रंग दिसत नाही आणि सरळ काठामुळे वास उडून जातो. तोंडाशी निमुळता आणि पोटाशी फुगीर असा काचेचा ग्लास हवा. ब्रँडीचा किंवा लहान वाइनचा ग्लास तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात मिळतो. तोही नसला तर तोंडाशी आवळलेली काचेची लहान बरणी घ्या. सगळ्यांचे ग्लास सारखे असले पाहिजेत.

धुण्याची पद्धतही पाळा. भांड्याच्या पावडरीचा अंश राहिला की फेस मरतो आणि लिंबाचा खोटा वास येतो. खाण्याच्या सोड्यानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा, आणि शेवटचं पाणी कॅनचं घ्या, कारण आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार काचेवर पांढरा बसतो. फडक्यानं पुसू नका, उलटे ठेवून वाळू द्या. डांबरगोळ्या असलेल्या कपाटात ठेवलेले ग्लास कितीही चकचकीत दिसले तरी पुन्हा धुवावे लागतात.

तोंड. आपल्या भागातली सर्वांत मोठी अडचण इथे आहे. खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना यांनी जीभ आणि गालाची आतली बाजू बधिर झालेली असते. सुपारीचा तुरटपणा तोंडात आधीच असल्यावर पिंपाच्या लाकडाचा तुरटपणा वेगळा कळत नाही. खर्रा खाणाऱ्यानं त्या दिवशी दुपारनंतर खाऊ नये. दहा मिनिटांपूर्वी चूळ भरली, एवढ्यानं भागत नाही. विडी, सिगारेट, पान, बडीशेप, टूथपेस्ट यांनाही किमान दोन तासांचं अंतर ठेवा. दुपारचं जेवण साधं: वरण-भात, भाकरी, ताक. सावजीचा रस्सा त्या दिवशी दुपारी नको. तिखटानं पोळलेल्या जिभेला जास्त अल्कोहोलची बिअर आणखी चटके देते, आणि दोष बिअरला लागतो.

पोट मात्र रिकामं नको. तासभर आधी अर्धी भाकरी किंवा दहीभात खा. टेबलावर साधं पाणी, बिनमिठाचे मुरमुरे किंवा कोरडी ज्वारीची भाकरी ठेवा. चकना अजिबात नाही. तो शेवटी.

तपासणी: ग्लासात फक्त पाणी ओतून वास घ्या. कसलाही वास आला तर ग्लास पुन्हा धुवा. खोलीतून दोन मिनिटं बाहेर अंगणात जाऊन परत या आणि आत शिरताना येणारा पहिला वास लक्षात घ्या. तो वास बिअरमध्ये सापडला तर धरायचा नाही.

## टप्पा ४: तापमान

नव्वद टक्के फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

"थंडगार" ही अपेक्षा नेहमीच्या हलक्या लागर बिअरची. स्टाउट ४ अंशांवर ओतली तर तिचे सुगंध द्रवातच अडकून राहतात, गोडवा दबतो आणि करपट कडवटपणा तेवढा पुढे येतो. उलट २० अंशांच्या वर गेली की अल्कोहोलची वाफ नाकात घुसते आणि बाकी सगळं झाकून टाकते. ओतताना १० ते १२ अंश सेल्सिअस आणि चाखता चाखता १६-१८ पर्यंत चढलेली, हा आपला पट्टा.

फ्रीजमधून काढलेली ३३० मिलीची बाटली या पट्ट्यात यायला किती वेळ लागतो, ते खोलीवर अवलंबून आहे. पंख्याशिवाय साधारण असं धरा:

- हिवाळ्याची संध्याकाळ, खोली २२ अंश: ४० मिनिटं
- पावसाळा, खोली ३० अंश: २५ मिनिटं
- उन्हाळा, खोली ४० अंश: १५ ते १८ मिनिटं

पंखा किंवा कूलर असेल तर यातून चार-पाच मिनिटं कमी करा. ७५० मिलीची मोठी बाटली असेल तर वेळ वाढवा.

फ्रीज नसेल किंवा लोडशेडिंगनं घात केला असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी एकत्र घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. १२ ते १५ मिनिटांत ती खोलीच्या तापमानावरून पट्ट्यात येते. नुसत्या बर्फात खुपसू नका, पाणी हवंच, त्याशिवाय गारवा सगळीकडून सारखा लागत नाही. ग्लासात बर्फ टाकणं हा तर थेट गुन्हा समजा: सुगंध मरतो आणि बिअर पाणचट होते.

स्वयंपाकघराचा किंवा दुधाचा थर्मामीटर असेल तर पहिल्या ओतलेल्या घोटात बुडवून पाहा. नसेल तर हाताची खूण अशी: बाटली तळहातात धरल्यावर गार लागली पाहिजे, पण दहा मोजेपर्यंत धरवली पाहिजे. हात आखडत असेल तर अजून वेळ आहे.

या कामासाठी विदर्भातला खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. रात्रीचा पारा १०-१२ च्या आसपास असतो. बाटली रात्रभर अंगणात गार होऊ दिली आणि सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत राखली की फ्रीज नसला तरी थोड्या बर्फावर भागतं. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बेत करायचा असेल तर मात्र आगटीपासून लांब बसा. धुराचा वास स्टाउटच्या भाजक्या वासात इतका बेमालूम मिसळतो की तो बिअरचा की आगटीचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ५: उघडणे आणि ओतणे

बाटली हलवू नका, उभीच उघडा, आणि आवाज ऐका. हलकी "फुस्स" बरोबर. काहीच आवाज नसेल तर वायू निघून गेलेला आहे. झाकण निघताच फेस उसळून टेबलावर आला तर बाटली गरम होती, हलली होती किंवा आत नको ते जंतू वाढले होते. पुढे आंबट वास आला तर बहुधा तिसरं कारण.

ग्लास थोडा तिरपा धरून हळू ओता, शेवटी सरळ करा म्हणजे बोटभर फेस येईल. ग्लासाचा एक तृतीयांशच भरा, वरची रिकामी जागा वासासाठी आहे. सगळे ग्लास एका दमात भरा. बाटली पुन्हा पुन्हा उभी-आडवी केली की गाळ उठतो. तळाचा बोटभर भाग बाटलीतच सोडा. तो विषारी नाही, पण यीस्टचा वास घेऊन येतो.

फेस कमी आला किंवा लगेच बसला तर घाबरू नका. अल्कोहोल जास्त असलं की फेस टिकत नाही, आणि खोबऱ्यासारखं तेलकट काही घातलं असेल तर आणखी कमी टिकतो. हा दोष नव्हे.

## टप्पा ६: वास

ओतल्याबरोबर नाक खुपसू नका. पहिल्या मिनिटात अल्कोहोल आणि वायू वर येतात आणि नाक चुरचुरतं. ग्लासावर बशी झाका, एक मिनिट थांबा.

बशी काढा. ग्लास हनुवटीशी धरून आडवा फिरवा, वास स्वतःहून येऊ द्या. मग नाकाशी आणून दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब, खोल श्वास घेतला की दारूच लागते. तोंड किंचित उघडं ठेवलं तर अल्कोहोलचा डंख कमी होतो. मग ग्लास हळूच एकदा फिरवा. वाइनवाल्यांसारखा गरागरा फिरवायची गरज नाही, वायू उडून जातो आणि फेस मोडतो.

नाक दमलं की आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा, स्वच्छ कातडीचा वास घ्या आणि परत या. कॉफीची पूड हुंगायची रीत इथे उलटी पडते, कारण कॉफी बिअरमध्येच असू शकते.

तपासणी: अजून एकही घोट न घेता तीन शब्द लिहा, वासाच्या ताटातलेच. "छान", "भारी", "स्ट्राँग" हे शब्द मोजायचे नाहीत.

## टप्पा ७: घोट

पहिला घोट लहान घ्या आणि त्याच्यावर मत बनवू नका. तो जिभेला अल्कोहोलची सवय करण्यासाठी आहे. सगळ्या तोंडभर फिरवा, गिळा, पाण्याचा घोट घ्या, अर्धं मिनिट थांबा.

दुसरा घोट चाखण्याचा. चमचाभर बिअर जिभेवर घ्या, चार-पाच सेकंद धरा, आधी गोड आणि मग कडू कधी लागतं ते पाहा. गिळा. तोंड मिटलेलं ठेवूनच नाकानं श्वास बाहेर सोडा. हा उलटा श्वास महत्त्वाचा आहे: चव म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात जाणाऱ्या वाफेतून कळतं. सर्दी झालेल्या माणसाला जेवण बेचव का लागतं, त्याचं उत्तर इथेच आहे, आणि सर्दी असेल तर बेत पुढे ढकला.

गिळल्यावर मनात तीस मोजा. काय उरतं? गूळ उरला, राख उरली, लाकूड उरलं की नुसतीच जळजळ? चांगल्या बाटलीत या तीस अंकांत चव दोनदा तरी बदलते.

## टप्पा ८: तीन थर सोडवणे

वास आणि घोट जमला की खरं काम सुरू होतं. अशा बिअरमध्ये एकावर एक तीन थर असतात: मूळ स्टाउट, पिंप, आणि वरून घातलेले स्वाद. "चॉकलेट-व्हॅनिला लागतंय" एवढ्यावर थांबणारा माणूस तिन्ही एकत्र गिळतो.

मूळ स्टाउट. ती जळक्या-भाजक्या जवापासून (बार्लीपासून; ताटातलं जवस वेगळं) येते. जिभेवर शोधा: करपलेलं जवस, कडवट पाक, खजूर, मनुका, मोहफूल. तोंडातला जडपणा, काकवीसारखा दाटपणा हाही बहुतांश तिचाच. लॅक्टोज घातला असेल तर गोडी शेवटपर्यंत हटत नाही, कारण बिअरचं यीस्ट ती साखर खाऊ शकत नाही.

पिंप. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते, म्हणून एकदा वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं बिअरवाल्यांकडे येतात. बिअर त्यांत काही महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त राहते. लाकडातून व्हॅनिलिन येतं, ओकचं लॅक्टोन नावाचं द्रव्य नारळाचा भास देतं, जळालेल्या थरातून कॅरॅमल आणि धूर येतो, आणि लाकडात मुरलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते. हा थर हिरड्यांवर आणि छातीत शोधा: हिरड्यांवर कोरडा तुरटपणा, छातीत ऊब.

घातलेले स्वाद. हे नाकाला सगळ्यात आधी भेटतात आणि सगळ्यात आधी निघून जातात.

आता जिथे गल्लत होते त्या जोड्या.

*व्हॅनिला पिंपाचा की शेंगेचा?* इसेन्सच्या बाटलीत मुख्यतः व्हॅनिलिनच असतं आणि पिंपातूनही तेच येतं. म्हणून सरळ, एकसुरी, आइस्क्रीमसारखा वास दोन्हीकडून येऊ शकतो. शेंग घातली असेल तर त्यामागे वाळलेल्या गवताचा, किंचित मनुक्याचा आणखी एक वास मिळतो. तो मिळाला तरच "शेंग" लिहा.

*नारळ पिंपाचा की खोबऱ्याचा?* पिंपाचा नारळ कोरडा, लाकडी, मागे राहणारा. भाजलेलं खोबरं घातलं असेल तर तेलकट, दाण्यासारखी चव गिळल्याबरोबर लागते.

*मिरचीचा चटका की अल्कोहोलचा?* हे आपल्याला सहज जमायला हवं. अल्कोहोलची ऊब लगेच येते, घशातून छातीत उतरते आणि ओसरते. मिरची उशिरा येते, जिभेवर आणि ओठांवर बसते आणि प्रत्येक घोटाला वाढते. तिसऱ्या घोटाला जास्त झोंबत असेल तर मिरची.

*कॉफी की जळका जव?* दोन्ही कडू. कॉफीला नाकात वेगळा वास असतो आणि जिभेवर बारीक आंबटपणा. फक्त कडू लागतं आणि वास राखेचा येतो, तर तो जव.

*दालचिनी* जिभेवर कोरडी झिणझिण देते. *कोको* गोड चॉकलेटसारखा नसतो, त्याचा कडवट धुळकट कोरडेपणा ओळखा. "डेअरी मिल्क"ची आठवण आली तर ती बहुधा कोको, लॅक्टोज आणि व्हॅनिला यांची मिळून आहे. तिन्ही वेगळे लिहा.

प्रत्येकानं वहीत लिहिल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हा नियम पाळाच. घरातल्या मोठ्या माणसानं, मामांनी किंवा भाऊजींनी "चॉकलेट" म्हटलं की सगळ्यांना चॉकलेटच लागतं, आणि ज्या वहिनीला संत्र्याची साल बरोबर सापडलेली असते ती गप्प बसते. आधी लिहा, मग धाकट्यापासून सुरू करून वाचा. सगळ्यांचं वाचून झालं की लेबलवरचं वर्णन मोठ्यानं वाचा आणि काय सुटलं ते पुन्हा वासात शोधा. सापडलं नाही तर नाही. लेबलवर लिहिलेला प्रत्येक स्वाद ग्लासात असतोच असं नाही, जुन्या बाटलीत तर हमखास नसतो.

## टप्पा ९: दहा मिनिटांनी पुन्हा

ग्लासातली बिअर अर्धी उरली असताना थांबा. ३० अंशांच्या खोलीत ती आठ-दहा मिनिटांत १२ वरून १८ च्या जवळ जाते. हिवाळ्यात ग्लास दोन्ही तळहातांत धरून ऊब द्या. मग टप्पा ६ आणि ७ पुन्हा करा.

गारव्यात कॉफी आणि करपटपणा पुढे होता, आता खजूर, व्हॅनिला, व्हिस्की वर येते. कधी गोडी इतकी वाढते की घोट नकोसा होतो, कधी नुसतीच स्पिरिटची जळजळ उघडी पडते. दोन्ही नोंदी लिहा. माझ्या लेखी बाटलीची पारख या दुसऱ्या फेरीत होते: गार असताना सगळ्याच बऱ्या लागतात.

## दोष ओळखायची यादी

- भिजलेला पुठ्ठा, जुनी वही: हवा लागून बिअर जुनी झाली.
- सोया सॉस, खारट-मांसल चव: फार जुनी किंवा उष्णतेत राहिलेली. थोडा शेरी-मनुका मात्र वयाचा चांगला गुण आहे.
- दह्याचा आंबटपणा: लॅक्टिक जंतू. लेबलवर "आंबट" म्हटलेलं नसेल तर दोष.
- व्हिनेगर: पिंपात हवा शिरली.
- नेलपॉलिश, थिनर: आंबवताना उष्णता जास्त झाली किंवा पिंपात बिघाड.
- लोणी, बटरस्कॉच, तेही तोंडात बुळबुळीत: आंबवताना तयार होणारं डायअसेटिल नावाचं द्रव्य उरलं.
- हिरवी ढोबळी मिरची: कॉफी घातलेल्या बिअरमध्ये, कॉफी शिळी होताना.
- हिरडा चघळल्यासारखं तोंड आवळणं: पिंपात गरजेपेक्षा जास्त काळ राहिली.

दोष सापडला की लगेच ओतून देऊ नका. दहा मिनिटं थांबून पुन्हा वास घ्या. पुठ्ठा आणि आंबटपणा वाढतो, नुसता दबलेला वास मोकळा होतो.

## खाणं आणि उरलेली बिअर

चाखून आणि लिहून झालं की मगच ताट. शेवटचे दोन घोट खाण्यासोबत घ्या: खव्याचा पेढा, तिळगूळ, संत्रा बर्फी, खारे शेंगदाणे. संत्रा बर्फी कोकोच्या स्टाउटबरोबर फार जमते. पाटवडीचा तिखट रस्सा आणि सावजी यांच्यासोबत नाहीच. बाटली संपल्यावर जेवायला मोकळे आहात.

उरली तर झाकण घट्ट दाबून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी ६० मिली चाखा. वायू गेलेला असेल, पण मूळ स्टाउट आणि पिंप जास्त स्पष्ट दिसतात. त्यानंतर ठेवण्यात अर्थ नाही.

पाहुण्यानं दोन बाटल्या आणल्या असतील तर दुसरी "मुरू दे" म्हणून ठेवायचा मोह होतो. नुसती पिंपातली, काही न घातलेली स्टाउट १२-१५ अंशांच्या स्थिर जागी वर्षानुवर्षं टिकते. कॉफी, खोबरं, व्हॅनिला घातलेली मात्र काही महिन्यांतच फिकी पडू लागते. आणि ती स्थिर जागा आपल्याकडच्या घरांत उन्हाळ्यात नसते. दिवाळीत आलेली दुसरी बाटली होळीच्या आत उघडा.